न्यू जर्सीत गव्हर्नर कसा निवडतात आणि धंद्यावरचा कर कसा ठरतो

न्यू जर्सीत गव्हर्नरपदाच्या निवडणुकीचं वर्ष आलं की टपालपेटी पत्रकांनी भरते. कराबद्दलची एक ओळ त्यांत हमखास असते: अमुक उमेदवार कर वाढवणार, तमुक कमी करणार. कुठला कर, कोणावरचा आणि तो बदलण्याचा अधिकार गव्हर्नरला आहे का, हे मात्र पत्रकात नसतं. एडिसन, जर्सी सिटी, प्लेन्सबरो या भागांत आपल्यापैकी अनेकांची दुकानं, सल्लागार कंपन्या, दवाखाने आहेत. मुलांच्या तिथल्या धंद्याची पुण्या-नाशकात बसून काळजी करणारे आईवडीलही आहेत. या सगळ्यांसाठी ही प्रक्रिया पहिल्या पायरीपासून समजून घेऊ.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि कारभार मुख्यमंत्री चालवतात. अमेरिकेतला गव्हर्नर थेट जनतेच्या मतांवर निवडून येतो आणि राज्याचा कारभार तोच चालवतो. विधिमंडळात त्याच्या पक्षाचं बहुमत नसलं तरी त्याचं पद जात नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत महाधिवक्ता, कोषाध्यक्ष हेही निवडून येतात. न्यू जर्सीत त्यांची नावं गव्हर्नर सुचवतो आणि राज्याची सिनेट मान्यता देते. त्यामुळे इथला गव्हर्नर देशातल्या सर्वांत ताकदवान गव्हर्नरांपैकी एक मानला जातो.

निवडणूक दर चार वर्षांनी, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीनंतरच्या वर्षी होते: २०२१, २०२५, आता २०२९. त्या वर्षी गव्हर्नर निवडणारी दोनच राज्यं आहेत, न्यू जर्सी आणि व्हर्जिनिया. लागोपाठ दोनपेक्षा जास्त कारकिर्दी करता येत नाहीत. म्हणून जास्तीत जास्त आठ वर्षांनी मैदान पूर्ण मोकळं होतं आणि उमेदवारांची रांग लागते. २०२५मध्ये फिल मर्फी यांची दुसरी कारकीर्द संपत होती आणि तसंच झालं.

पहिली पायरी पात्रतेची. राज्यघटनेनुसार उमेदवाराचं वय किमान ३० वर्षं हवं, तो किमान २० वर्षं अमेरिकेचा नागरिक हवा आणि ७ वर्षं न्यू जर्सीत राहिलेला हवा. जन्मानं अमेरिकन असण्याची अट राष्ट्राध्यक्षाला आहे, गव्हर्नरला नाही. पुण्यात जन्मलेली, पुढे नागरिकत्व घेतलेली व्यक्तीसुद्धा उभी राहू शकते. फक्त नागरिकत्वाच्या शपथेनंतर वीस वर्षं जावी लागतात.

दुसरी पायरी सह्यांची. पक्षाच्या उमेदवारीसाठी इच्छुकाला मतदारांच्या सह्या गोळा करून अर्ज भरावा लागतो. पूर्वी १,००० सह्या पुरत, आता २,५०० लागतात. दुसऱ्या पक्षात नोंद असलेल्या मतदाराची सही बाद होऊ शकते, म्हणून अनुभवी कार्यकर्ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त सह्या घेतात. उंबरठ्यावर कोणी सहीचा कागद घेऊन आलं, तर आपली नोंद कुठल्या पक्षात आहे हे आधी आठवून पाहावं. सही केली म्हणजे मत दिलं असं होत नाही. नाव मतपत्रिकेवर यावं एवढीच तिला संमती.

तिसरी पायरी उमेदवारनिवडीची, आणि इथे जरा थांबायला हवं. पक्षाचा उमेदवार प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत मतदानात ठरतो. ते जूनमध्ये असतं. कागदावर ही पद्धत कुठल्याही पक्षश्रेष्ठींच्या बंद खोलीपेक्षा खुली दिसते. प्रत्यक्षात न्यू जर्सीत अनेक दशकं एक अडचण होती. राज्यात २१ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपला जिल्हा. त्यांतल्या १९ काउंट्यांत पक्षाची स्थानिक समिती ज्यांना पाठिंबा देई, त्या सगळ्यांची नावं, वरच्या पदापासून खालच्या पदापर्यंत, मतपत्रिकेवर एकाच उभ्या रांगेत छापली जात. बाकीचे उमेदवार कोपऱ्यात कुठेतरी विखुरलेले. या रांगेला ‘काउंटी लाइन’ म्हणत. मतदार साहजिकच पहिल्या भरगच्च रांगेवर खुणा करत खाली उतरे. त्यामुळे निवड खरं तर समितीच्या अध्यक्षांच्या हाती असे, आणि उमेदवारही मतदारांआधी या मंडळींचे उंबरे झिजवत.

अमेरिकेच्या केंद्रीय सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिलेले अँडी किम यांनी २०२४च्या सुरुवातीला याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. मार्च २०२४मध्ये न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीपुरती ही छपाई थांबवली. पुढे विधिमंडळानं कायदाच बदलला आणि २०२५पासून दोन्ही पक्षांच्या मतपत्रिकेवर प्रत्येक पदाखाली त्या पदाचे सगळे उमेदवार एकत्र दिसू लागले. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांत या राज्याच्या राजकारणात झालेली ही सर्वांत मोलाची सुधारणा आहे. मात्र आता मतदाराला स्वतः वाचून ठरवावं लागतं. पूर्वी रांग दाखवून देई, आता प्रत्येक पदाखाली नाव शोधायचं. एखाद्या पदाचा रकाना नजरेतून सुटून कोरा राहतो, तो असाच.

चौथी पायरी पैशाची. १९७०च्या दशकापासून न्यू जर्सीत गव्हर्नरच्या उमेदवारांना सरकारी तिजोरीतून प्रचारासाठी पैसे मिळतात. लहान लहान देणग्या देणाऱ्यांचा उमेदवारही टिकावा, हा त्यामागचा हेतू. २०२५च्या प्रायमरीत नियम असा होता: एका व्यक्तीकडून जास्तीत जास्त ५,८०० डॉलर घेता येतील, पात्र ठरण्यासाठी ५ लाख ८० हजार डॉलर स्वतः जमवावे लागतील, त्यानंतर पात्र देणग्यांच्या दर एका डॉलरमागे सरकार दोन डॉलर देईल, जास्तीत जास्त ५५ लाखांपर्यंत. हे पैसे घेतले की एकूण खर्चावर ८७ लाखांची मर्यादा येते आणि जाहीर वादसभांत भाग घेणं बंधनकारक होतं. वादसभेचं बंधन मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण कराबद्दलचे नेमके प्रश्न उमेदवाराला तिथेच टाळता येत नाहीत.

ही मर्यादा उमेदवाराच्या स्वतःच्या खर्चाला आहे. बाहेरच्या गटांनी वेगळा खर्च केला तर तिच्यात धरला जात नाही. २०२५मध्ये शिक्षक संघटनेचे अध्यक्ष शॉन स्पिलर यांच्यासाठी अशा गटानं कोट्यवधी डॉलर ओतले. तरी ते सहा उमेदवारांत पाचवे आले.

देणगीबाबत आपल्या लोकांची एक चूक वारंवार होते, आणि ती महागात पडू शकते. एच-वन-बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीनं अमेरिकेतल्या कुठल्याही निवडणुकीत देणगी देणं केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे, मग निवडणूक राज्याची असो वा नगरपालिकेची. ग्रीन कार्ड असेल तर देणगी देता येते. मत मात्र फक्त नागरिकालाच देता येतं. ग्रीन कार्डवर असताना चुकून मतदारनोंदणी झाली, तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी ती मोठी अडचण होऊन बसते. वाहन परवान्याच्या कार्यालयात मतदारनोंदणीबद्दल विचारतात. तिथे घाईत ‘हो’ म्हणू नये. मित्राच्या घरच्या निधिसंकलनाच्या जेवणाला जाताना पाकीट देण्याआधीही आपली कायदेशीर स्थिती तपासून घ्यावी.

पाचवी पायरी प्रत्यक्ष प्रायमरीची. ज्या पक्षात आपली नोंद असेल, त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं. कुठल्याच पक्षात नोंद नसलेले मतदार राज्यात एक तृतीयांशाहून जास्त आहेत. ‘आपण कोणत्या पक्षाचे नाही, म्हणजे जूनमध्ये आपलं काही काम नाही,’ असं यांतले बरेच जण धरून चालतात. ते खरं नाही. असा मतदार प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन तिथेच एक पक्ष निवडू शकतो आणि मत देऊ शकतो. मात्र एका पक्षातून दुसऱ्या पक्षात जायचं असेल, तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. नवी मतदारनोंदणी २१ दिवस आधीपर्यंत करता येते. आपण घर बदललं असेल तर पत्ताही याच वेळी बदलून घ्यावा.

२०२५ची प्रायमरी १० जूनला झाली. डेमोक्रॅटिक बाजूला मिकी शेरिल, रास बराका, स्टीव्हन फुलॉप, जॉश गॉटहाइमर, शॉन स्पिलर आणि स्टीव्ह स्वीनी हे सहा जण होते. रिपब्लिकन बाजूला जॅक चिटरेली यांनी सहज बाजी मारली. शेरिल यांना सुमारे ३४ टक्के मतं मिळाली आणि तेवढ्यावर त्या उमेदवार झाल्या, कारण इथे दुसरी फेरी नसते. सर्वाधिक मतं मिळतील तो जिंकतो. त्या ३४ टक्क्यांचे प्रत्यक्ष मतदार तीन लाखांहून कमी होते. राज्याची लोकसंख्या ९० लाखांवर आहे. नोव्हेंबरमध्ये मतदान केलेल्यांची संख्या ३० लाखांवर गेली, पण तोवर त्यांच्यासमोर दोनच खरे पर्याय उरले होते. जूनच्या मतदानाला न जाणारा माणूस नोव्हेंबरमध्ये दुसऱ्यांनी निवडलेल्या दोघांतून एक निवडतो, एवढंच.

सहावी पायरी झटपट उरकू. प्रायमरी जिंकल्यावर प्रत्येक उमेदवार महिन्याभरात उपगव्हर्नरपदासाठी जोडीदार निवडतो आणि दोघांना मिळून एकच मत पडतं. हे पद २००९च्या निवडणुकीपासून आलं. शेरिल यांनी डेल काल्डवेल यांची निवड केली, चिटरेली यांनी जिम गॅनन यांची. ४ नोव्हेंबर २०२५ला शेरिल ५६ टक्क्यांहून जास्त मतं मिळवून जिंकल्या आणि २० जानेवारी २०२६ला त्यांनी शपथ घेतली. एकाच पक्षानं लागोपाठ तिसऱ्यांदा गव्हर्नरपद जिंकण्याची गोष्ट या राज्यात १९६१नंतर प्रथमच घडली.

आता धंद्यावरच्या करांकडे वळू. भारतातून आलेल्या माणसाला इथे गोंधळायला होतं, कारण आपल्याकडे कंपनीच्या नफ्यावरचा प्राप्तिकर फक्त केंद्र सरकार घेतं. महाराष्ट्र सरकार घेतं तो व्यवसाय कर. त्याला घटनेनंच माणशी वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. अमेरिकेत केंद्राचा प्राप्तिकर वेगळा आणि राज्याचा वेगळा, आणि राज्याचा दर राज्य स्वतः ठरवतं. म्हणून गव्हर्नरच्या निवडणुकीत हा विषय इतका तापतो.

समजा, एडिसनच्या ओक ट्री रोडवर आपलं किराणा आणि फराळाचं दुकान आहे. राज्याचा कुठला कर लागेल, हे दुकान कायद्याच्या कुठल्या रूपात आहे यावर ठरतं.

दुकान एकट्याच्या नावावर असेल, वेगळी कंपनी नसेल, तर दुकानाचा नफा मालकाच्या वैयक्तिक उत्पन्नात धरला जातो. राज्याचा वैयक्तिक प्राप्तिकर १.४ टक्क्यांपासून सुरू होतो आणि १० लाख डॉलरवरच्या भागाला १०.७५ टक्के लागतो. कंपनीकराच्या वाढीघटीशी या दुकानाचा संबंधच येत नाही. ‘कंपनीकर वाढला, आता दुकान चालवायचं कसं?’ अशी धास्ती घेतलेल्या बऱ्याच छोट्या दुकानदारांची खरी स्थिती हीच असते.

भागीदारी किंवा मर्यादित दायित्वाची संस्था, जिला सगळे एलएलसी म्हणतात, तीही बहुधा स्वतः प्राप्तिकर भरत नाही. नफा भागीदारांच्या वाट्याला जातो आणि ते भरतात. अशा संस्थांसाठी २०२०पासून एक ऐच्छिक मार्ग आहे. संस्थेनंच राज्याचा कर भरायचा आणि भागीदारांनी आपल्या राज्याच्या करात त्याची वजावट घ्यायची. त्याचं संक्षिप्त नाव ‘बेट’. २०१७च्या केंद्रीय कायद्यानं राज्याच्या करांची केंद्रीय उत्पन्नातली वजावट १०,००० डॉलरवर रोखली, त्यावर काढलेला हा उपाय. २०२५मध्ये केंद्रानं ती मर्यादा बऱ्याच कुटुंबांसाठी ४०,००० पर्यंत वाढवली, म्हणून आपल्याला अजून फायदा होतो का, हे आपल्या सीपीएकडून, म्हणजे परवानाधारक हिशेबनिसाकडून, नव्यानं तपासून घ्यावं. हा मार्ग दरवर्षी मुदतीत पुन्हा निवडावा लागतो. गेल्या वर्षी निवडला म्हणून यंदाही चालू आहे असं समजून लोक बसून राहतात आणि मुदत निघून जाते.

दुकान कॉर्पोरेशन असेल, तरच कॉर्पोरेशन बिझनेस टॅक्स, म्हणजे खुद्द कंपनीच्या नफ्यावरचा राज्याचा कर लागतो. निव्वळ नफा ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर ६.५ टक्के, १ लाखापर्यंत ७.५ टक्के, त्यापुढे ९ टक्के. इथली रचना वैयक्तिक प्राप्तिकरासारखी टप्प्याटप्प्यानं वाढणारी नाही. मर्यादा ओलांडली की वरचा दर संपूर्ण नफ्याला लागतो. नफा बरोबर १ लाख डॉलर असेल तर कर ७,५०० डॉलर. तोच एका डॉलरनं वाढला तर कर होतो ९,००० डॉलर. म्हणून वर्ष संपण्याआधी, डिसेंबरमध्येच, हिशेब पाहावा. आवश्यक यंत्र किंवा शीतकपाट घ्यायचंच असेल, तर ते डिसेंबरात घ्यावं की जानेवारीत, हा निर्णय तेव्हा हातात असतो.

तोटा झाला तरी कॉर्पोरेशनला किमान कर चुकत नाही. एकूण विक्री १ लाख डॉलरच्या आत असेल तर ५०० डॉलर, आणि १० लाख किंवा त्यापुढे २,०००. धंदा बंद केला, पण कंपनी कागदोपत्री बंद केली नाही, तर हा किमान कर दरवर्षी दंडासह साचत जातो. मुलगा नोकरीसाठी टेक्सासला गेला, कंपनी तशीच राहिली, आणि तीन-चार वर्षांनी भलीमोठी नोटीस आली, ही कहाणी न्यू जर्सीतल्या कुठल्याही हिशेबनिसाला विचारा. त्याच्या परिचयाची असते. धंदा थांबवला की राज्याकडे रीतसर विसर्जनाचा अर्ज द्यायलाच हवा.

विक्रीकर ६.६२५ टक्के. तो गिऱ्हाईक देतं, दुकानदार फक्त गोळा करून सरकारकडे पोचवतो. आपल्या दुकानात कणीक, डाळ, तांदूळ यांवर तो नाही. गरम समोसा आणि चहा यांवर आहे, कारण तयार अन्नाला सूट नाही. कपड्यांनाही सूट आहे. गल्ल्यातल्या यंत्रात ही वर्गवारी चुकीची भरली गेली की वर्षानुवर्षं कमी कर गोळा होतो आणि तपासणीत फरक दुकानदाराच्या खिशातून जातो. दुसरी चूक याहून गंभीर आहे. मंदीच्या महिन्यात जमा झालेला विक्रीकर भाड्यासाठी किंवा पगारासाठी वापरला जातो. हा पैसा आपला नसतो. त्याची जबाबदारी कंपनीचा पडदा ओलांडून थेट मालकावर व्यक्तिशः येते. त्यासाठी बँकेत वेगळं खातं ठेवणं सर्वांत सुरक्षित.

आणि मालमत्ता कर. न्यू जर्सीचा घरांवरचा सरासरी मालमत्ता कर २०२४मध्ये वर्षाला १०,००० डॉलरच्या वर गेला. दुकानदाराच्या भाड्यातही जागामालकाचा हा कर मिसळलेला असतो. बऱ्याच छोट्या धंद्यांना सर्वांत जास्त ओझं याचंच होतं. पण तो ठरवतात गाव, काउंटी आणि शाळामंडळ, गव्हर्नर नाही. गव्हर्नर शाळांना किती अनुदान देतो, याचा त्याच्यावर परिणाम होतो, तोही आडवळणानं. ‘मी मालमत्ता कर कमी करीन’ असं म्हणणाऱ्या उमेदवाराला ‘कुठल्या अनुदानातून?’ हे विचारायलाच हवं.

२०२४मध्ये जो कर गाजला, तो यांतल्या कुठल्याच दुकानाचा नव्हता. २०१८पासून मोठ्या कंपन्यांवर ९ टक्क्यांवर २.५ टक्के अधिभार होता. मर्फी यांनी शब्द दिल्याप्रमाणे तो २०२३अखेर संपू दिला. त्याच वेळी राज्याच्या रेल्वे-बससेवेच्या, न्यू जर्सी ट्रान्झिटच्या अंदाजपत्रकात मोठं भगदाड पडलं होतं. जून २०२४मध्ये ‘कॉर्पोरेट ट्रान्झिट फी’ आली. राज्याच्या वाट्याचा करपात्र नफा १ कोटी डॉलरहून जास्त असलेल्या कंपन्यांवर पुन्हा २.५ टक्के, आणि अंमल १ जानेवारी २०२४पासून, म्हणजे मागच्या तारखेनं. या कंपन्यांना एकूण दर ११.५ टक्के पडतो. राज्याच्या कंपनीकरात देशात एवढा दर दुसरीकडे नाही. शेजारचं पेनसिल्व्हेनिया आपला दर दरवर्षी थोडा थोडा उतरवत आहे. २०२५मध्ये तो ७.९९ टक्के होता.

‘मग सगळ्या कंपन्या पेनसिल्व्हेनियाला जातील’ हे वाक्य आपण खूप ऐकलं असेल. त्यात अर्धंच तथ्य आहे. न्यू जर्सी कंपनीच्या नफ्यातला आपला वाटा तिचं कार्यालय कुठे आहे यावरून मोजत नाही. कंपनीची किती विक्री या राज्यात होते यावरून मोजते. कार्यालय फिलाडेल्फियाला हलवलं आणि माल एडिसनमध्येच विकला, तर हा कर टळत नाही. पण नवं कार्यालय कुठे उघडायचं, माणसं कुठे नेमायची हे ठरवताना राज्याची एकूण प्रतिमा नजरेसमोर असते, आणि मागच्या तारखेनं लावलेला कर ती प्रतिमा बिघडवतो. मला स्वतःला या कराचा हेतू पटतो. मेट्रोपार्क स्थानकावरून रोज मॅनहॅटनला जाणाऱ्या हजारो लोकांच्या गाड्या चालल्याच पाहिजेत, आणि ज्या कंपन्यांना त्या गाड्यांतून माणसं मिळतात त्यांनी वाटा उचलणं न्याय्य आहे. मागची तारीख मात्र मुळीच पटत नाही. उद्योजकाला आधी कळलेला जास्त कर सोसतो, न कळलेला सोसत नाही.

सातवी पायरी: कर बदलतो कसा? गव्हर्नर एकट्यानं दर बदलू शकत नाही. महसुलाचं विधेयक ऐंशी सदस्यांच्या असेंब्लीत मांडावं लागतं, मग चाळीस जणांच्या सिनेटमध्ये, मग गव्हर्नरची सही. राज्याचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि घटनेनुसार अंदाजपत्रक जुळवलेलंच लागतं. तूट ठेवता येत नाही. वर्षअखेरपर्यंत किती महसूल येईल, हा अधिकृत आकडा गव्हर्नर ठरवतो. शिवाय मंजूर झालेल्या अंदाजपत्रकातल्या एखाद्या खर्चावर तो एकट्यानं काट मारू शकतो. वाढवू मात्र शकत नाही. या दोन अधिकारांमुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात सगळी घासाघीस त्याच्या दालनाभोवती फिरते.

ती फिसकटली तर काय होतं, हे राज्यानं पाहिलं आहे. जुलै २००६मध्ये गव्हर्नर जॉन कॉरझाइन विक्रीकर ६ वरून ७ टक्के करायला निघाले, विधिमंडळ अडलं आणि राज्य सरकार बंद पडलं. कसिनोंवर देखरेख करणारे निरीक्षक सरकारी नोकर असल्यानं अटलांटिक सिटीचे कसिनोही बंद झाले. आठवडाभरानं तडजोड झाली: वाढीतला अर्धा वाटा मालमत्ता कराच्या सवलतीसाठी राखायचा.

कराच्या आश्वासनांचा इतिहासही उमेदवार पारखताना उपयोगी पडतो. ब्रेंडन बर्न यांनी १९७६मध्ये राज्याचा प्राप्तिकर आणला. त्याआधी निधी नसल्यानं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक शाळाच बंद करवल्या होत्या. बर्न पुन्हा निवडून येणार नाहीत असं सगळे म्हणत होते. १९७७मध्ये ते आले. जिम फ्लोरिओ यांनी १९९०मध्ये २८० कोटी डॉलरची करवाढ केली आणि १९९३मध्ये ते क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांच्याकडून हरले. व्हिटमन यांनी प्राप्तिकर ३० टक्के कमी करण्याचा शब्द पाळला. पण याच काळात कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन निधीत राज्यानं भरायची रक्कम कमी झाली आणि १९९७मध्ये त्या निधीसाठी सुमारे २७५ कोटी डॉलरचे कर्जरोखे काढावे लागले. त्याचा बोजा पुढच्या गव्हर्नरांच्या अंदाजपत्रकांवर वर्षानुवर्षं राहिला. करकपातीचं आश्वासन ऐकताना ती भरून कशातून काढणार, हा प्रश्न व्हिटमन यांच्या काळापासून या राज्यात सर्वांत महत्त्वाचा आहे.

आणखी एक प्रश्न: कर ज्या कामासाठी घेतला, तिथेच जाईल याची हमी कशात आहे? महाराष्ट्रात १९७५मध्ये व्यवसाय कर आला तो रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी, म्हणून ‘राखीव कर’ ही कल्पना आपल्याला परकी नाही. न्यू जर्सीत वैयक्तिक प्राप्तिकराचा पैसा मालमत्ता कराच्या सवलतीसाठी राखीव आहे, आणि ते थेट घटनेत लिहिलेलं आहे. ट्रान्झिट फीचं तसं नाही. तिची राखण साध्या कायद्यानं केली आहे, आणि वार्षिक अंदाजपत्रक साध्या कायद्याला वळसा घालू शकतं. उमेदवार म्हणाला की हा पैसा फक्त रेल्वेला जाईल, तर त्यासाठी घटनादुरुस्ती मांडणार का, हे विचारावं.

ही फी ३१ डिसेंबर २०२८पर्यंतच आहे. म्हणजे ती चालू ठेवायची, बदलायची की संपवायची, हा निर्णय २०२५मध्ये निवडलेल्या गव्हर्नरच्या कारकिर्दीतच येणार. जून २०२५मध्ये मतदानाला गेलेल्या माणसानं नकळत याबद्दलही मत दिलं आहे.

ज्यांना अजून मत नाही, त्यांनाही एक दार उघडं आहे. दर वसंत ऋतूत दोन्ही सभागृहांच्या अंदाजपत्रक समित्या जाहीर सुनावण्या घेतात. तिथे बोलायला नागरिक असण्याची अट नाही. नाव आधी नोंदवावं लागतं आणि वेळ थोड्याच मिनिटांची मिळते. सगळे कर एका दमात मांडू नयेत. आपल्या दुकानाला छळणारा एकच निवडावा, उदाहरणार्थ १ लाख डॉलरच्या नफ्यावरची ती उडी, आपले आकडे एका पानावर लिहावेत आणि त्याच्या प्रती समितीच्या सदस्यांसाठी सोबत न्याव्यात. आपल्या भागाचे असेंब्ली सदस्य दोन आणि सिनेटर एक. तेच पान त्यांच्या स्थानिक कार्यालयातही देऊन यावं.